जुन्या वस्तूचे मोल आणि टपालाचे वजन

घर लहान होऊ लागले, की सर्वांत प्रथम प्रश्न उभा राहतो तो माळ्यावरील वस्तूंचा. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांच्या दारी हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत एकामागून एक येऊन ठेपला आहे. मुले शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने पुण्याला, बंगळूरला किंवा समुद्रापलीकडे गेली. जुने कौलारू घर पाडून त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. आणि पितळेचे घंगाळ, शिवणयंत्र, बंद पडलेला ग्रामोफोन, आजीची लुगडी व भिंतीतल्या कपाटातली चारपाचशे पुस्तके यांचे काय करावे, या विवंचनेत वडील मंडळी पडली.

पूर्वी या प्रश्नाची तीन ठरीव उत्तरे होती. भांडी मोडीत जात, कागद रद्दीत जाई आणि कपडे बोहारणीच्या पाटीत जात. या तिन्ही व्यवहारांत घराला भाव फारसा मिळत नसे. बोहारीण एका जरीच्या लुगड्यावर एक स्टीलचा डबा ठेवून उठे आणि दुपारभर घासाघीस करूनही गृहिणीच्या पदरात फार तर एक झाकण जास्त पडे. पण या मंडळींच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती आपल्या दारी येत, माल स्वतः पारखत, स्वतः उचलत आणि स्वतःच्या डोक्यावरून नेत. वाहतुकीचा खर्च, न खपण्याचा धोका आणि पुढचे गिऱ्हाईक शोधण्याचा खटाटोप त्यांच्या माथी असे. आपल्याला कमी वाटणाऱ्या त्या भावात ही सारी मजुरी वजा झालेली होती.

आता चौथे उत्तर हाती आले आहे. मोबाईलवर वस्तूचे छायाचित्र टाकावे, किंमत लिहावी आणि इंदूरच्या, बडोद्याच्या वा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला ती थेट पाठवावी. आमच्या भागातील अनेक घरांनी हा प्रयोग करून पाहिला आणि त्यांतील बऱ्याच जणांनी दोन-तीन महिन्यांत तो सोडूनही दिला. कारण विचारले, तर ‘जुन्या वस्तूला आता किंमत राहिली नाही’ असे उत्तर मिळते. मला ते खरे वाटत नाही. किंमत आहे, परंतु ती वस्तूपासून मोजायला सुरुवात केली, तर हिशेब हमखास चुकतो. गिऱ्हाइकाच्या दारापासून उलट मोजत आपल्या माळ्यापर्यंत यावे लागते. त्याच्या दारात वस्तू पडेपर्यंत त्याला एकूण किती द्यावे लागणार, हे प्रथम ठरवावे. त्यातून टपाल, बांधणी, दुकानाचे कमिशन आणि परत येण्याचा धोका वजा करावा. मग उरेल ती आपल्या वस्तूची किंमत. काही वस्तूंच्या बाबतीत हा आकडा शून्याखाली जातो, हेही आधी कळलेले बरे.

आपल्या वाडवडिलांना हा हिशेब नवा नव्हता. हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत १८७७ मध्ये आणि मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू केली. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे प्रकाशक खेड्यापाड्यांतील वाचकाला पुस्तके धाडू लागले. पोस्टमन पुडके घेऊन येई, पैसे मोजून घेई आणि ते प्रकाशकाला पोचते करी. जाहिरातीच्या तळाशी ‘टपालखर्च निराळा’ ही अक्षरे ठळक छापलेली असत. वाचकाने पुडके नाकारले, तर ते परत फिरे आणि दोन्ही खेपांचा भुर्दंड पाठविणाऱ्याला पडे. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाकडून थोडी रक्कम आगाऊ मागविण्याची रीत पडली. आज ‘वस्तू मिळाल्यावर पैसे’ या नावाने जो प्रकार चालतो, तो हाच. नवखा विक्रेता गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ही सवलत उदारपणे देतो आणि दहांतली दोन पुडकी परत आली, की उरलेल्या आठांचा नफा त्यात बुडाल्याचे त्याला दिसते. व्यक्तिगत ओळखीवर चालणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात तरी आगाऊ रक्कम घेण्याची जुनी रीत सोडू नये.

आता पुस्तकांकडे वळू. कारण मराठी घरातील माळ्यावर सर्वांत जास्त वजन त्यांचेच असते आणि गैरसमजही त्यांच्याविषयीच अधिक. पहिला गैरसमज छापील किमतीचा. १९६५ साली चार रुपयांना घेतलेल्या कादंबरीचे आज किती यावेत, याचा त्या चार रुपयांशी काही संबंध नाही. पाहायचे ते एवढेच, की हे पुस्तक आज नवे मिळते काय? मिळत असेल, तर जुन्या प्रतीला एक वरची मर्यादा आपोआप पडते. समजा, नव्या आवृत्तीची किंमत ३०० रुपये आहे आणि दुकानदार सवलत देऊन ती २५० ला घरपोच करतो. मग पिवळ्या पडलेल्या जुन्या प्रतीला टपालासह फार तर १५० मिळतील. त्यातले टपाल व बांधणी यांचे ४० आणि कमिशनचे २०-२५ वजा जाता हाती ऐंशी-नव्वद रुपये राहतात. यात खोटे काही नाही, पण या ऐंशी-नव्वद रुपयांसाठी छायाचित्र काढणे, चार प्रश्नांना उत्तरे देणे, पुडके बांधणे आणि पोस्टात रांग लावणे एवढा उद्योग आहे, हे ध्यानात असावे.

पुस्तक नवे मिळतच नसेल, तर वरची मर्यादा उठते. मात्र तेथे दुसरा प्रश्न येतो, तो गिऱ्हाइकांच्या संख्येचा. दुर्मिळ म्हणजे मौल्यवान असे नव्हे. कोणी शोधतच नसेल, तर जगातील एकमेव प्रतही रद्दीच्याच भावाची. याउलट इंदिरा संत यांच्यासारख्या, बेळगावात आयुष्याचा मोठा काळ घालविलेल्या कवयित्रीच्या ‘मेंदी’ या १९५५ च्या संग्रहाची पहिली आवृत्ती कोणाकडे सुस्थितीत असेल, तर ती पाहणारी दृष्टी निराळी असते. कविता नव्या आवृत्तीतही वाचता येतात. संग्राहकाला हवी असते ती पहिल्या छपाईची प्रत. काव्यसंग्रहाचा आणखी एक गुण व्यवहारात फार उपयोगी पडतो. तो सडपातळ असतो. दीड-दोनशे ग्रॅम वजनाच्या पुस्तकाला टपाल नाममात्र पडते आणि किमतीचा बहुतेक भाग विक्रेत्याच्या हाती उरतो.

याच्या उलट टोकाला ज्ञानकोशांचे संच येतात. डॉ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश ज्या घरात आहे, त्या घराला त्याचा रास्त अभिमान असतो. पण तो संच मजकुरासाठी विकत घेणारा मनुष्य आज विरळा, कारण तो मजकूर आता घरबसल्या फुकट वाचावयास मिळतो. मराठी विश्वकोशाचेही तेच. उरतो तो ग्रंथप्रेमी संग्राहक आणि त्याच्यापर्यंत २३ जाडजूड खंड सुखरूप पोचविण्याचा खर्च. मोल्सवर्थच्या कोशाची गोष्ट जरा वेगळी आहे. १८५७ ची मूळ दुसरी आवृत्ती आणि १९७५ मध्ये पुण्यात निघालेले तिचे पुनर्मुद्रण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु शीर्षकपृष्ठ न पाहता ‘मोल्सवर्थ, फार जुना’ एवढेच लिहून जाहिरात टाकणारे सद्गृहस्थ आढळतात. गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही, पुढे निघून जाते.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतही फरक करावयास शिकले पाहिजे. एखाद्या संकेतस्थळावर आपल्याकडील पुस्तकाला कोणी तीन हजार लावल्याचे दिसते आणि आपली आशा वाढते. तो आकडा तेथे चार वर्षे तसाच लोंबकळत आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. विकल्या गेलेल्या प्रतीची किंमत हाच खरा बाजारभाव. फेसबुकवर जुन्या पुस्तकांच्या चाहत्यांचे गट आहेत. तेथे महिनाभर नुसते वाचत बसले, तरी कोणते पुस्तक किती रुपयांना ‘घेतले’ हे हळूहळू उमगू लागते.

टपालाकडे येऊ. वर्षानुवर्षे आपला आधार होता नोंदणीकृत छापील पुस्तकांच्या टपालाचा, ज्याला सारे बुकपोस्ट म्हणत. पाच किलोंचा गठ्ठा सुमारे ८० रुपयांत देशात कोठेही जाई. १८ डिसेंबर २०२४ रोजी ही सेवा बंद झाली आणि लहान प्रकाशक व जुन्या पुस्तकांचे विक्रेते अक्षरशः हवालदिल झाले. कारण तेवढाच गठ्ठा पार्सलाने पाठवायचा, तर खर्च दुपटीहून अधिक होऊ लागला. पुढे १ मे २०२५ पासून टपालखात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू केली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे जाहीर झाले. गठ्ठा जमिनीवरून जातो, म्हणजे चार दिवस अधिक लागतात. पण तो कोठवर पोचला हे पाहता येते.

या दोन आकड्यांतच विक्रीचे निम्मे शहाणपण दडलेले आहे. बांधणीसह २९० ग्रॅम भरणारी सतरा लहान पुस्तके सुटीसुटी पाठविली, तर कर सोडून ३४० रुपये लागतील. तीच सतरा एका गठ्ठ्यात बांधली, तर पाच किलोंच्या आत बसतात आणि १०० रुपयांत जातात. म्हणून एकेक पुस्तक विकण्यापेक्षा एका लेखकाची पाच, किंवा बालवाङ्मयाची दहा, असा जुडगा करून विकणे केव्हाही हिताचे. गिऱ्हाइकालाही तो स्वस्त पडतो. निपाणीत पिठाची गिरणी चालवून सीमाभागातील माणसांवर आयुष्यभर लिहीत राहिलेले महादेव मोरे २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या ज्यांच्याकडे विखुरलेल्या आहेत, त्यांनी त्या सुट्या न काढता एकत्र काढाव्यात, हे माझे मत केवळ टपालापुरते नाही.

ज्ञान पोस्टाच्या अटी मात्र डोळसपणे वाचाव्यात. पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव हवे; व्यापारी स्वरूपाचे साहित्य चालत नाही, आणि ठरावीक मुदतीने निघणारी प्रकाशने व जाहिराती असलेला मजकूरही चालत नाही. सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तके हाच तिचा विषय. म्हणजे आपला दिवाळी अंक येथे अडला! १९०९ च्या ‘मासिक मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा, दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसाठी आजही शोधली जाणारी, पण अंक नियतकालिक आणि त्यात साबणाची व केशतेलाची पाने. तो सामान्य पार्सलाच्या दराने पाठविण्याची तयारी ठेवूनच त्याची किंमत लावावी.

भांड्यांचे गणित पुस्तकांहून निराळे, कारण तेथे वजनाबरोबर आकारही तोलला जातो. कुरिअरवाल्यांचा सर्वसाधारण नियम असा, की खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि ५,००० ने भागावे. येणारे उत्तर किलोंमध्ये धरावे आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे. पाच किलोंचे घंगाळ ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच खोक्यात घातले, तर गुणाकार ६०,७५० येतो आणि आकारणी १२ किलोंहून अधिकावर होते. घंगाळाच्या पोटातली हवा आपण पैसे देऊन पाठवितो, असा याचा अर्थ. ही हवा भरून काढण्यासाठी आत तांब्या, फुलपात्रे, समई बसवून सारा संच एकत्र विकावा, नाहीतर घंगाळ गावातच द्यावे. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जवळपासचे गिऱ्हाईक मिळते, ते स्वतः येऊन पाहते आणि स्वतःच उचलून नेते. बोहारणीची सोय नव्या वेषात परत आली, म्हणा ना. शिवणयंत्र, कपाट, पाटा-वरवंटा यांना दुसरी वाट नाही.

लुगड्यांचे तसे नव्हे. शहापुरी वा इरकली लुगडे घडीत मावते, वजनाला हलके, पडले तरी फुटत नाही. जर खरी असेल, तर तिला वेगळे मोल आहे आणि केवळ जरीच्या वजनावर लुगडे मागणारे गिऱ्हाईकही भेटते. त्याला देण्यापूर्वी काठ-पदर उलगडून उजेडात छायाचित्र घ्यावे. जरीसाठी जाळले जाणारे लुगडे आणि नेसण्यासाठी घेतले जाणारे लुगडे यांच्या भावात पुष्कळदा मोठे अंतर असते.

घरातली नको झालेली वस्तू दूरच्या अनोळखी माणसाला विकण्याचा हा उद्योग पाश्चात्त्य देशांत आपल्या आधी रुजला. अमेरिकेत ई-बे हे संकेतस्थळ १९९५ साली निघाले, तेव्हा तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका मोडक्या लेझर दिव्याची गोष्ट सांगतात. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. आमच्या भागातील काही कुटुंबे कॅनडात स्थायिक आहेत. तेथील घरगुती विक्रेत्याची अडचण ऐकली, की ती आपल्या सीमाभागाला विलक्षण ओळखीची वाटते. कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या हद्दीलगत राहते. देश अफाट, माणसे थोडी, त्यामुळे टपाल महाग आणि गिऱ्हाईक मात्र पलीकडच्या देशात. अमेरिकेत पुस्तकांसाठी ‘मीडिया मेल’ नावाचा स्वस्त दर आहे. कॅनडात सवलतीचा दर ग्रंथालयांना मिळतो, सामान्य विक्रेत्याला नाही. म्हणून हद्दीजवळ राहणारे कित्येक विक्रेते आठवड्याची पुडकी मोटारीत घालून हद्द ओलांडत आणि अमेरिकेच्या पोस्टात टाकून येत. पेट्रोल जाळूनही ते स्वस्त पडे.

वस्तूच्या किमतीत असल्या मार्गांवर किती भरवसा ठेवावा, हे मात्र गेल्या दोन वर्षांनी दाखविले. १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४ या ऐन नाताळाच्या हंगामात कॅनडाच्या टपाल-कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्यानंतर २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी सर्व देशांसाठी उठविली. आपल्या टपालखात्यालाही त्या सुमारास, २५ ऑगस्टपासून, अमेरिकेकडे जाणारी पार्सले थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. परदेशी गिऱ्हाइकासाठी किंमत लावताना टपाल त्या दिवशी विचारूनच सांगावे आणि जकात कोण भरणार, हे आधी लेखी ठरवावे.

आपल्याकडे राज्याच्या हद्दीमुळे टपालाचा दर बदलत नाही. निपाणीहून कागलला आणि निपाणीहून संकेश्वरला पाठविणाऱ्याला पोस्टाच्या खिडकीवर कोणी भाषा विचारीत नाही. परंतु सीमा दुसऱ्या दारांनी आत येते. पहिले दार कराचे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे केवळ पुस्तके विकणाऱ्याला या कराची नोंदणी लागत नाही. घरातील वापरलेल्या चार वस्तू काढणे हाही व्यवसाय नव्हे. पण कोणी जुनी भांडी, लुगडी गोळा करून नियमाने विकू लागला, की तो व्यापारी झाला. आणि करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला, उलाढाल कितीही अल्प असली तरी, काही हस्तव्यवसायांचे अपवाद सोडता नोंदणी आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीवाचून ऑनलाइन दुकानांतून विकण्याची मुभा मिळाली खरी, पण ती आपल्याच राज्यापुरती. याचा व्यवहारातील अर्थ पाहा. निपाणीचा विक्रेता राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बीदरला, समई पाठवू शकतो. निपाणीला खेटून असलेल्या अर्जुननगरला, देवचंद महाविद्यालयाच्या आवारात, तीच समई अशी पाठविता येत नाही, कारण ते कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात, मोडते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एवढी चिंचोळी सीमा नसावी.

दुसरे दार पत्त्याचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आलेला पिन कोड हे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचे, जे संस्कृतचे नामांकित कवीही होते, मोठेच काम. त्यांच्या योजनेत महाराष्ट्र व गोव्याचा पहिला आकडा ४ आणि कर्नाटकाचा ५. अर्जुननगरचे टपाल मात्र निपाणीमार्फत जाते, म्हणून त्याचा पिन ५९१२३७, निपाणीचाच. ऑनलाइन दुकानात हा आकडा घातला, की राज्याच्या रकान्यात बहुधा आपोआप कर्नाटक उमटते. तेव्हा पत्ता पाठविताना राज्याचा रकाना हाताने तपासावा. तसेच बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत बेळगावी झाले असले, तरी कित्येक यंत्रांत अजून जुने नाव आहे. दोन्ही लिहिले म्हणजे पुडके चुकत नाही.

तिसरे दार रस्त्याचे. कोल्हापूर-पुण्याकडे घाईची वस्तू धाडायची, तर बसच्या पार्सलाचा किंवा ओळखीच्या प्रवाशाचा आधार आमच्याकडे आजही घेतला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर वातावरण तापले, तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस हद्दीवरूनच परतल्या. अशा वेळी बसने पाठविण्याचे वचन दिलेला विक्रेता तोंडघशी पडतो. गिऱ्हाइकाला तारीख सांगताना आठ दिवस हातचे राखून ठेवावेत.

एक इशारा देणे अगत्याचे आहे. देव्हाऱ्यातील जुनी मूर्ती, हस्तलिखित पोथी, मोडीतील कागदपत्रे ही इतर वस्तूंबरोबर विक्रीला काढू नयेत. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा कलावस्तू, तसेच ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित या कायद्याने पुरावशेष ठरते. त्याचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशातील नातवाला आजोबांची पोथी आठवण म्हणून टपालाने धाडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

पैशांच्या बाबतीत एवढेच, की ‘पैसे मिळण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा आणि आपला गुप्त आकडा घाला’ असे सांगणारे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नव्हे. गुप्त आकडा लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही.

वस्तूचे वर्णन लिहिणे ही मला या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते आणि आपले लोक नेमके तेथेच हात आखडता घेतात. ‘चांगल्या स्थितीत’ या शब्दांनी काही कळत नाही. आमच्या भागातील पावसाळा कपाटातल्या पुस्तकालाही सोडत नाही. कसर लागली असेल, पाने दमट होऊन लहरली असतील, पाठीची शिवण सैल असेल, पहिल्या पानावर कोणाला तरी दिलेल्या लग्नभेटीची ओळ असेल, तर ते सारे स्वच्छ लिहावे आणि दोषाचेच छायाचित्र आधी द्यावे. यामुळे किंमत थोडी उतरते, पण पुडके परत येत नाही, आणि परत येणारे एक पुडके तीन विक्रींचा नफा खाते. ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक आपल्या संग्रहात निघाले, तर ते रीतसर बाद केलेले आहे काय, हे पाहिल्याखेरीज विकू नये. नसेल, तर ज्याचे त्याला परत करावे.

बांधणीत कंजुषी नको. पुस्तक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये, मग जाड कागदात. कोपरे दुमडतात म्हणून पुठ्ठा पुस्तकाहून बोटभर मोठा असावा. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिक टाळलेच, तर पोचेपर्यंत लगदा होतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका लाखेच्या असतात आणि बशीसारख्या फुटतात. कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. त्यांच्या किंवा त्यांच्या काळातील गायकांच्या तबकड्या ज्यांच्याकडे असतील, त्यांनी प्रत्येक तबकडी वेगळ्या पाकिटात घालून, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून, खोक्यात आडवी न ठेवता उभी ठेवावी आणि चारही बाजूंनी रद्दीचे बोळे घट्ट भरावेत. खोके हलवून पाहिले असता आत काही वाजता कामा नये.

हे सारे करूनही कपाटातला मोठा भाग असा उरतो, की ज्याचे टपाल त्याच्या किमतीहून जास्त. कथासंग्रह, प्रवासवर्णने, चरित्रे, संतवाङ्मयाच्या नव्या आवृत्त्या. येथे रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला विचारावे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा खेड्यांतून मराठी साहित्यसंमेलने भरतात आणि त्या गावांतील वाचकांना पुस्तकांचे वावडे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या इतर शहरांतील वाचकांनी आपापल्या मराठी मंडळाकडे चौकशी करावी. मात्र पोती भरून दारात नेऊन टाकू नयेत. बहुतेक ग्रंथालयांपुढे जागेचा प्रश्न असतो आणि हवी ती पुस्तके निवडण्याचा त्यांचा अधिकार आपण मानला पाहिजे. आधी यादी पाठवावी. यादीत लेखक, पुस्तक, प्रकाशक, आवृत्तीचे साल आणि स्थिती असे रकाने असावेत. आणि तीच यादी पुढे विक्रीलाही उपयोगी पडावी, म्हणून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून प्रत्येक नावापुढे वजनही ग्रॅममध्ये लिहून ठेवावे.